आपली वेबसाइट गूगलवरून का गेली आणि परत कशी आली



मागच्या काही महिन्यांत अनेकांनी फोन करून एकच गोष्ट विचारली: आपली साइट बंद पडली का? पूर्वी फोनमध्ये "दार फाळणीचा सण" किंवा "बिरड्याचा सण" असे लिहिले की सर्वांत वर आपला लेख यायचा. मग एकाएकी तो येईनासा झाला. काहींना तर आपल्या साइटच्या नावाखाली भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसल्या आणि त्यांनी घाबरून फोन बाजूला ठेवला. घाबरले ते बरेच झाले. समितीत हे काम माझ्याकडे आणि डिमोनाच्या एका तरुण मुलाकडे आले होते. संगणकाचे हात त्याचे, पत्रव्यवहार आणि पाठपुरावा माझा. आता साइट परत आली आहे, तेव्हा काय झाले होते ते नीट सांगते. आपल्यातले पुष्कळ जण आपापल्या सिनेगॉगची, कुटुंबाची, गावाच्या मंडळाची छोटी साइट चालवतात, त्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, साइट वेगळी आणि गूगल वेगळे. साइट म्हणजे आपले घर. गूगल म्हणजे नाक्यावरचा वाट सांगणारा माणूस. त्याने वाट सांगायचे बंद केले म्हणजे घर पडले असे होत नाही. ज्यांना पत्ता पाठ होता ते या सगळ्या काळात सरळ पत्ता टाकून आत येतच होते. पण आपल्यापैकी किती जणांना पत्ता पाठ आहे? नातवंडांना तर नाहीच. ती नाव टाकतात आणि पहिले जे येईल ते उघडतात. न्यू यॉर्क किंवा मुंबईत बसलेला एखादा मुलगा आपल्या आजोबांच्या गावाचे नाव शोधत असेल तर त्याला आपली साइट माहीतच नसते. त्याच्यासाठी गूगलवर नसणे म्हणजे जगातच नसणे.

गूगलचा एक आपोआप चालणारा प्रोग्राम जगभरच्या साइटवर फिरतो, पाने वाचतो आणि त्यांची एक मोठी सूची करतो. आपण शोधतो ते त्या सूचीत, इंटरनेटवर नव्हे. सूचीतून पान गेले की ते कोणाला सापडत नाही. आता जाण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि उपायही वेगळे, म्हणून आधी निदान. अंगावर पुरळ आली म्हणून सगळ्यांना एकच मलम लावत नाही ना, तसेच.

कधी कधी बंदी नसतेच. वर्डप्रेसवर चालणाऱ्या साइटच्या वाचनाच्या सेटिंगमध्ये एक छोटा चौकोन असतो. सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये, अशी विनंती त्याने जाते. कोणी दुरुस्तीच्या वेळी त्यावर खूण केली आणि काढली नाही, की साइट हळूहळू गायब होते. दुसरा प्रकार असा की गूगलच्या गणिताने साइटला खाली ढकललेले असते. त्याचे पत्र येत नाही, अर्जही करता येत नाही, साइट सुधारून वाट बघायची एवढेच. तिसरा प्रकार म्हणजे खरी शिक्षा. गूगलमधला माणूस प्रत्यक्ष साइट बघतो आणि नियम मोडलाय असे ठरवतो. याला ते मॅन्युअल ॲक्शन म्हणतात. ती एखाद्या भागापुरती असते किंवा सगळ्या साइटवर. आणि चौथा, सुरक्षेचा इशारा. त्यात साइट उघडायला गेले की लाल पडदा येतो, पुढे धोका आहे म्हणून. गूगलची ती यादी क्रोमच नाही तर फायरफॉक्स आणि सफारीसुद्धा वापरतात, म्हणून ब्राउझर बदलून फारसा फायदा होत नाही.

आपण नक्की कशात आहोत हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. शोधाच्या चौकोनात इंग्रजीत "साइट" हा शब्द लिहायचा, त्याला चिकटून आपल्या विसर्गासारखे दोन ठिपके, आणि मध्ये मोकळी जागा न सोडता साइटचा पत्ता. गूगलच्या सूचीतली त्या साइटची पाने त्यात दिसतात. आम्ही हे केले. आपली पाने दोनशेच्या आत आहेत. समोर पानांमागून पाने आली, संपेचनात, आणि त्यात मलिद्याचे, कीर्तनाचे, कोकणातल्या कबरींचे काही नाही. सगळी पुरुषांच्या गोळ्यांची नावे, स्वस्तात, चिठ्ठीशिवाय.

गंमत म्हणजे पत्ता टाकून साइट उघडली तर सगळे जसेच्या तसे. एलियाहू हानाबीच्या मलिद्याचा लेख होता तिथेच, पोहे-नारळाच्या प्रमाणासकट. त्याच पानावर गूगलमधून शिरले तर औषधांचे दुकान. ही युक्ती जुनी आहे. चोर एक फाइल आत ठेवतो, ती येणाऱ्याकडे बघते. गूगलचा प्रोग्राम आला की जाहिरातींचे पान दाखवते, गूगलवरून वाचक आला की दुकानाकडे वळवते, आणि घरचा माणूस आला की नेहमीचे पान. त्यामुळे मालकाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे दाखवणे हा गूगलच्या नियमात मोठा गुन्हा आहे, मग ते कोणीही केलेले असो.

विषय निघालाच आहे तर एक बोलून टाकते, नर्स होते म्हणून राहवत नाही. सिल्डेनाफिल नावाचे औषध, म्हणजे याच जाहिरातींतले, छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी किंवा स्प्रे घेणाऱ्याने घेतले तर रक्तदाब एकदम इतका खाली येऊ शकतो की जिवावर बेतते. इंटरनेटवरच्या अशा दुकानातून कोणी काही मागवले असेल तर लाजू नका, कुपत होलीमच्या डॉक्टरला सांगा. ते रोज असले प्रश्न ऐकतात. आणि पाकिटात जे लिहिलंय तेच आत आहे याची कसलीही खात्री नसते.

काही जणांना वाटले की आपण यहुदी, इस्रायलमधले, म्हणून कोणी मुद्दाम हल्ला केला. तसे काही आम्हाला आढळले नाही. हे चोर कोणाची साइट आहे ते बघत नाहीत. त्यांचे प्रोग्राम रात्रंदिवस साइट चाचपत फिरतात आणि ज्या दाराची कडी जुनी आहे ते उघडतात. आपल्या साइटवर फोटो दाखवण्यासाठी एक प्लगिन, म्हणजे जोडून घेतलेला छोटा प्रोग्राम होता, त्याच्या कर्त्यांनी त्याची देखभाल केव्हाच सोडून दिली होती. त्यातून ते शिरले. बरीच वर्षे सचोटीने चाललेल्या साइटला गूगलकडे पत असते. त्यांना हवी असते ती पत. आपल्या नावावर त्यांची पाने वर चढतात.

आता उपाय. सर्वांत आधी गूगलला पटवावे लागते की साइट आपली आहे. त्यासाठी सर्च कन्सोल नावाची मोफत सोय आहे. मालकी सिद्ध करायला एकतर त्यांनी दिलेली छोटी फाइल साइटवर ठेवायची, नाहीतर पत्त्याच्या नोंदणीत त्यांनी दिलेली एक ओळ घालायची. ऐकायला सोपे आहे. पण नोंदणी कोणाच्या नावावर? ज्या काकांनी ही साइट उभी केली त्यांच्या. त्यांना जाऊन काही वर्षे झाली. फी त्यांच्या कार्डावरून आपोआप जात होती, पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक. नोंदणी कंपनीने मृत्यूचा दाखला, कुटुंबाचे संमतीपत्र, संस्थेची कागदपत्रे, सगळे मागितले, आणि त्यात दिवस जात राहिले. शेवटी काकूंनी त्यांच्या कपाटातून एक वही काढली. त्यात नातेवाइकांच्या अझकाराच्या तारखा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला, नीट अक्षरात, सगळे पासवर्ड. त्या एका वहीने आमचे काम झाले. सगळ्यांच्या नशिबी अशी वही नसते. आणि पत्त्याची फी भरायची राहून गेली असती, तर तो पत्ता दुसऱ्या कोणी विकत घेऊन त्यावर जुगाराची साइट थाटली असती. सुटलेले जुने पत्ते असे वापरण्याविरुद्ध गूगलला २०२४ मध्ये स्वतंत्र नियम करावा लागला, इतके ते सर्रास चालते.

तर आत शिरल्यावर दोन ठिकाणी लाल खूण दिसली. सुरक्षेच्या पानावर "हॅक केलेला मजकूर" आणि मॅन्युअल ॲक्शनच्या पानावर वेगवेगळ्यांना वेगवेगळे दाखवल्याबद्दल शिक्षा. दोन्हींसाठी काही पानांचे पत्ते नमुन्यादाखल दिलेले होते. आणखी एक गोष्ट सापडली, मालकांच्या यादीत एक अनोळखी माणूस. चोराने स्वतःलाच मालक करून घेतले होते! त्याला नुसते काढून भागत नाही. त्याने मालकी सिद्ध करायला जी फाइल साइटवर ठेवलेली असते ती शोधून पुसावी लागते, नाहीतर तो पुन्हा येऊन मालक होतो.

मग सफाई. याला सर्वांत जास्त वेळ लागला आणि लागू द्यावा. पू आत ठेवून वरून पट्टी बांधली तर जखम बाहेरून सुकते आणि आतून पसरते, हे वॉर्डात शिकवावे लागत नाही. पहिल्यांदा साइट होती तशी, घाणीसकट, एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवली. चुकून चांगले काही पुसले गेले तर परत आणता यावे म्हणून. मग सगळे पासवर्ड बदलले. नुसता वर्डप्रेसचा नाही, होस्टिंगचा, फाइली चढवण्याचा, डेटाबेसचा, ईमेलचा, सगळे. व्यवस्थापकांच्या यादीत जे नाव ओळखीचे नाही ते काढले. वर्डप्रेसच्या मूळ फाइली फेकून देऊन नव्या कोऱ्या आणल्या, कारण त्या मोफत मिळतात, त्यात एकेक तपासत बसण्यात अर्थ नाही. ते जुने प्लगिन कायमचे गेले. बाकीची नव्या आवृत्तीवर नेली.

होस्टिंग कंपनीने सांगितले की आमच्या तपासणीत काही सापडले नाही. त्यांच्या तपासणीवर आम्ही थांबलो नाही ते बरे. फोटोंच्या फोल्डरमध्ये फोटोच असायला हवेत. तिथे पेणच्या एका लग्नाच्या जुन्या छायाचित्रांमध्ये एक फाइल होती जिचे नाव फोटोसारखे, पण शेवटची अक्षरे प्रोग्रामची. अशी एक सापडली की दुसरी शोधायची. सूचीत घुसवलेल्या खोट्या पानांसाठी साइटने "४१०" हे उत्तर द्यावे अशी व्यवस्था केली. "४०४" म्हणजे पान सापडत नाही, "४१०" म्हणजे पान गेले, परत येणार नाही. दोन्ही चालतात. सर्च कन्सोलमध्ये पाने तात्पुरती लपवण्याचीही सोय आहे, पण ती साधारण सहा महिन्यांपुरती, त्यामुळे मूळ घाण काढल्याशिवाय तिचा उपयोग नाही. शेवटी, गूगलच्या प्रोग्रामला आपले पान कसे दिसते हे तिथेच बघता येते. आपल्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता त्याच्या डोळ्यांनी प्रत्येक महत्त्वाचे पान बघितले.

यानंतर अर्ज, म्हणजे फेरतपासणीची विनंती. हा माझा भाग. इस्रायलमध्ये इतकी वर्षे काढलेल्या कोणालाही अर्ज कसा करावा हे शिकवायला नको. तोफेस १७ मिळवताना "मी फार आजारी आहे हो" म्हणून भागत नाही. कोणती तपासणी, कोणत्या डॉक्टरने सांगितली, कोणत्या तारखेला, हे लागते. इथेही तेच. गूगल तीन गोष्टी मागते: नेमके काय बिघडले होते, ते दुरुस्त करायला काय काय केले, आणि आता परिस्थिती काय आहे. समितीतल्या एकांचे म्हणणे होते की आपण किती छोटा समाज, वाचक किती वयस्क, ही एकच जागा आहे जिथे आपली मराठी टिकून आहे, असे सगळे लिहावे. ते खरेच आहे, पण वाचणाऱ्याच्या टेबलावर त्याला रकाना नाही. मी केसपेपर लिहितात तसे लिहिले. कोणत्या प्लगिनमधून शिरले, कोणत्या फाइली सापडल्या आणि कुठे, कोणाला यादीतून काढले, कोणत्या दिवशी काय बदलले, पुढे असे होऊ नये म्हणून काय केले. इंग्रजीत, छोट्या वाक्यांत.

अर्ज पाठवल्यावर गप्प बसायचे. उत्तर यायच्या आत दुसरा अर्ज करू नये, हे गूगल स्वतः सांगते. हॅक होऊन जाहिराती भरलेल्या साइटच्या तपासणीला काही आठवडे लागू शकतात. लोकांना फसवून माहिती काढणाऱ्या पानांची तपासणी एखाद्या दिवसात होते, आणि व्हायरसवाल्या साइटची काही दिवसांत.

पहिला अर्ज नामंजूर झाला. चार ओळींचे उत्तर, आणि खाली दोन नवे पत्ते. पण ते दोन पत्तेच खरे औषध होते. त्यांच्या मागे गेल्यावर डेटाबेसमध्ये लपवलेला एक तुकडा सापडला, जो दिवसातून एकदा जागा होऊन पाने पुन्हा तयार करत होता. तो काढला, आठवडाभर रोज तपासले, आणि मग दुसरा अर्ज केला. त्यात त्या तुकड्याची हकीकतही लिहिली. या वेळी काही आठवड्यांनी उत्तर आले: शिक्षा उठवली आहे.

शिक्षा उठली म्हणजे त्याच संध्याकाळी सगळे पूर्ववत झाले असे नाही. आयसीयूतून वॉर्डात आणलेला पेशंट लगेच जिना चढत नाही. गूगलचा प्रोग्राम पुन्हा येऊन एकेक पान वाचतो. "बिरड्याचा सण" लवकर वर आला, कारण त्या विषयावर दुसरे लिहितेय कोण. बाकीची पाने हळूहळू आली, काही अजून यायची आहेत.

असे फक्त लहानांचेच होते असे समजू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीची साइट गूगलने सूचीतून काढली होती, वाचकाला एक आणि गूगलला दुसरे दाखवणारी पाने ठेवल्याबद्दल. काही दिवसांत ती परत आली. अमेरिकेतले जे. सी. पेनी हे मोठे दुकान २०११ मध्ये विकत घेतलेल्या लिंकमुळे शोधात खाली गेले, त्याला सुमारे तीन महिने लागले. गाण्यांचे अर्थ सांगणारी रॅप जीनियस डिसेंबर २०१३ मध्ये गेली आणि दहा-एक दिवसांत आली. मोठ्यांची बातमी होते, त्यांच्याकडे या कामाची माणसे असतात. आपल्याकडे डिमोनाचा एक मुलगा आणि एक निवृत्त नर्स. त्या मानाने आम्ही काही वाईट केले नाही.

विकत घेतलेल्या लिंकचे निघाले म्हणून सांगते. छोट्या साइटना परदेशातून गोड ईमेल येतात: तुमच्या साइटवर आमचा एक लेख छापा, त्यात एक लिंक ठेवा, पन्नास डॉलर देतो. समाजाच्या कामाला पैसा नेहमीच कमी असतो, मोह होतो. घेऊ नका. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर तशी खूण नसेल तर ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि शिक्षा साइटला होते, लिंक घेणाऱ्याला शोधत बसायचे कोणी? आपल्यातल्या एखाद्या केटररने किंवा प्रवास कंपनीने देणगी दिली आणि त्यांची लिंक लावायची असेल तर जरूर लावावी, पण ती जाहिरात आहे अशी तांत्रिक खूण करून. ते काम दोन मिनिटांचे आहे.

आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे. आमची साइट गेल्याचे कळताच समितीच्या नंबरवर फोन यायला लागले. "आम्ही गूगलकडून बोलतोय, इतके शेकेल भरा, चोवीस तासांत साइट परत." गूगल फेरतपासणीचे पैसे घेत नाही. शोधाच्या साध्या निकालांत साइट घेण्याचेही घेत नाही. जाहिरातींचे घेते, पण त्या वेगळ्या, त्यांनी बंदी उठत नाही. फोनवर कोणी पासवर्ड मागितला किंवा "तुमच्या संगणकात मला येऊ द्या" म्हणाला, तर बोलणे तिथेच थांबवा. शेजारच्या वयस्क माणसांनाही सांगा, वेबसाइट असो वा बँक, बोलण्याची पद्धत तीच असते.

साइट गूगलवर नसतानाही आपल्याला वाचता यावी म्हणून एक काम आजच करून घ्या. नातवंडाला सांगा, सव्ताच्या फोनवर साइटचे चिन्ह ठेवून दे. ते पडद्यावर आले की बोट लावले की साइट, मधे गूगल नाही. बिंग नावाचे दुसरे सर्च इंजिन आहे, त्याची सूची वेगळी आणि डकडकगोही बरेचसे निकाल त्यातूनच घेते. गूगलच्या काळात आपली साइट तिथे सापडत होती. अर्थात सफाई झाल्यावर बिंगच्या मालकांच्या सोयीतही आम्ही नोंदणी केली.

समितीने आता ठरवले आहे की पत्त्याची नोंदणी संस्थेच्या नावावर, पासवर्ड तीन जणांकडे बंद पाकिटात, आणि दर महिन्याला पूर्ण साइटची एक प्रत घरातल्या डिस्कवर. सर्च कन्सोलमध्ये निदान दोन मालक.

शेवटची गोष्ट, मदतीची. साइट स्वच्छ करताना काही महिन्यांपूर्वीची प्रत आधाराला घ्यावी लागली, त्यामुळे त्यानंतर चढवलेले काही लेख गेले. मजकूर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन झालेला होता, तो तिथून उतरवून घेतला. फोटो मात्र त्यात सगळे आले नाहीत. नवगावच्या दफनभूमीचे, रोह्याच्या जुन्या घरांचे आणि रामलेतल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या सणांचे मूळ फोटो ज्यांनी आम्हाला पाठवले होते, त्यांनी कृपया पुन्हा पाठवावेत. फोनने फोटोचा फोटो काढलात तरी चालेल, फक्त दिव्याची चमक पडू देऊ नका आणि मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल तर त्याचाही एक घ्या.